वाडीच्या गाडीला कायद्यात जागा द्या : परिवहन आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : एकाच्या मालकीची खाजगी मोटार वाडीतल्या घरांनी मिळून, खर्च वाटून वापरण्यासाठी योजना करणेबाबत.

महोदय,

सरकारी पत्राला विषय लागतो म्हणून वर लिहिला. म्हणणं त्याहून सोपं आहे. देवगड तालुक्यातल्या आमच्या वाडीत एक गाडी आहे. ती आहे एकाच्या नावावर, वापरतात बारा-चौदा घरं. पेट्रोल, विमा, टायर, सर्व्हिसिंग, जो काही खर्च येईल तो ज्याची जितकी धाव त्या हिशेबाने वाटून घेतात. यात कमावत कोणीच नाही. तरीही आम्ही विनापरवाना प्रवासी वाहतूक करतो की नाही, हे छातीठोकपणे सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. वकिलांना विचारलं, विमावाल्यांना विचारलं, आपल्या खात्यातल्या लोकांनाही विचारलं. सगळे म्हणतात, "तसं काही होत नाही हो, चालवा." हे उत्तर मला नको आहे.

नको आहे, कारण मी विम्यातली आहे. मुंबईत एका जनरल इन्शुरन्स कंपनीच्या मोटार क्लेम खात्यात नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर सासरच्या घरी येऊन राहिले. "तसं काही होत नाही" म्हणणाऱ्यांच्या फाइली टेबलावर आल्यावर त्यांचं काय होतं, हे जवळून पाहिलंय.

आधी गाडीची गरज का पडली ते सांगते. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली त्याचा आम्हालाही आनंद आहे, पण ती धावते सह्याद्रीच्या बाजूने आणि आम्ही राहतो समुद्राच्या बाजूला. देवगडहून नांदगाव तिठ्यापर्यंत महामार्ग गाठायचा तर ३५-४० किलोमीटर. मध्ये सडा, घाटी, खाडीला घातलेले वळसे. पलीकडच्या काठावरचं गाव डोळ्यांना दिसतं, पोचायला मात्र तास जातो. सकाळची एसटी चुकली तर दुपारची, आणि संध्याकाळी वस्तीची गाडी. मधल्या वेळात तिठ्यावर वडाप, म्हणजे विनापरवाना माणसं भरून नेणारी खाजगी गाडी, मिळालं तर नशीब. नाहीतर स्पेशल रिक्षा, म्हणजे जाण्याचे आणि रिकामं परत येण्याचेही पैसे.

एसटीच्या महामोठ्या संपात आमचे डोळे उघडले. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला तो संप एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांवर मला इथे बोलायचं नाही. मला आठवतं ते एवढंच, की त्या दिवसांत डायलिसिसला जाणाऱ्या माणसाला आठवड्यातून दोनदा कोण नेणार, हा प्रश्न रोज संध्याकाळी वाडीत फिरत असे. आणि त्याच वाडीत गुरुजींची वॅगनआर मांडवात झाकून उभी होती.

गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक. डोळ्यांनी दगा दिल्यावर डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. मुलगा पुण्याला, त्याची स्वतःची गाडी आहे. आता किनाऱ्यावर उभ्या गाडीचं काय होतं, हे आपल्या खात्यातल्या जो कोणी इथे बदलीवर आला असेल त्याला विचारा. खारी हवा ब्रेकच्या डिस्कवर पहिल्या पावसातच गंज चढवते. हँडब्रेक लावून महिनाभर ठेवली तर मागची चाकं जाम होतात. बॅटरी बसते. आणि उंदीर! बॉनेट उघडलं तर इंजिनावर नारळाच्या किशीचं घरटं, वायरिंग कुरतडलेलं. गुरुजींनी आत तंबाखूची पानं ठेवली होती, ती उंदरांनी बाजूला सारून व्यवस्थित संसार मांडला होता. गुरुजी म्हणाले, "गाडी उभी रवान सडतली. फिरवा तुमी. माझो खर्च भागलो काय झाला."

तिथून हे सुरू झालं. याला क्लब वगैरे आम्ही म्हणत नव्हतो, "वाडीची गाडी" म्हणतो. पण जगात याला कम्युनिटी कार क्लब म्हणतात. काही घरं मिळून एक गाडी, वापरावर खर्चाची वाटणी, आपली पाळी आपण लावायची. झुरिकमध्ये १९४८ मध्ये असा पहिला प्रयत्न झाला. स्वित्झर्लंडमध्येच १९८७ साली मूठभर लोकांनी दोन ठिकाणी सहकारी संस्था काढून गाड्या वाटून वापरायला सुरुवात केली, आणि त्या दोन संस्था १९९७ मध्ये एक होऊन आज तो देशभराचा कारभार झालाय. सहकारी संस्था म्हटल्यावर आपल्या महाराष्ट्राला हे परकं वाटायचं कारण नाही. किनाऱ्याला तर नाहीच. रापण ओढून मासळी आली की ओढणाऱ्या माणसांचे वाटे पडतात तसे होडीचा आणि जाळ्याचाही वाटा पडतो, कारण होडी फुटते नि जाळं फाटतं. आमच्या हिशेबातही गाडीचा वाटा आहे. पेट्रोल १०५ रुपये लिटर धरा आणि आमच्या चढउतारांवर गाडी लिटरला १५ किलोमीटर देते असं धरा, तर किलोमीटरला ७ रुपये झाले. त्यावर ३ रुपये गाडीचा वाटा. त्यातून विमा, टायर, बॅटरी, सर्व्हिसिंग. जाऊन-येऊन ५० किलोमीटरची फेरी ५०० रुपयांची, आणि चौघं गेली तर माणशी सव्वाशे.

हे सगळं एका वहीत आहे. लांबट, लाल कापडी बांध्याची, किराणा दुकानात उधारीला वापरतात तसली. गुरुजींच्या पडवीतल्या खिळ्याला चावी आणि तिच्या शेजारी सुतळीने बांधलेली वही. तारीख, चालवणार कोण, सोबत कोण, कुठे, निघतानाचं रीडिंग, परतल्यावरचं रीडिंग, पेट्रोल किती घातलं, सही. मागच्या पानांवर नियम, वेगवेगळ्या अक्षरांत, कारण प्रत्येक नियमामागे एकेक भांडण आहे. "मासळी बर्फाच्या बंद डब्यातच." "आंब्याच्या पेट्या सीटवर ठेवू नयेत." "पाव टाकीच्या खाली गाडी परत करू नये." "होमस्टेच्या पाहुण्यांना नेणार नाही, ओळखीचे असले तरी नाही." हा शेवटचा नियम करताना सगळ्यात जास्त तोंडं वाकडी झाली आणि मला तो सगळ्यात प्रिय आहे. मे महिन्यात चाकरमानी येतात, आंब्याचा हंगाम असतो, लग्नं असतात, आणि गाडी एकच. तेव्हा वहीपेक्षा आवाजांवर जास्त काम चालतं, हेही कबूल करते.

आता तुमच्या दारात येते.

मध्यंतरी एका तपासणीत गाडी थांबवली गेली. कुठे, ते महत्त्वाचं नाही. गाडी चालवत होती वाडीतली एक सून, आत चार म्हातारी माणसं, डोळ्यांच्या शिबिराहून परत येत होती. पांढरी पाटी, मालक गाडीत नाही, चारही आडनावं वेगळी. अधिकाऱ्याला शंका येणं अगदी बरोबर होतं. त्याने मागच्या सीटवरच्या आजींना विचारलं, पैसे दिले का? आजी ताडकन म्हणाल्या, "दिलव तर! फुकट कोण न्हेता? वयेत लिवलेला असा." आणि चालवणारीने वही काढून दाखवली. त्या भल्या माणसाने दोन पानं वाचली, हसला, आणि म्हणाला, "मॅडम, आज जा. पण पुढच्या वेळी ही वही दाखवू नका."

महोदय, हे पत्र त्या एका वाक्यासाठी आहे. सून म्हणाली असती "या माझ्या मावशी, त्या आत्या", तर प्रश्नच नव्हता. खोटं बोललो तर आम्ही नातेवाईक आणि हिशेब दाखवला तर आम्ही वडाप. जेवढी आमची वही चोख, तेवढा आमच्याविरुद्धचा पुरावा भक्कम.

कारण कायदा काय म्हणतो? मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार भाड्याने किंवा मोबदला घेऊन प्रवासी नेणारं वाहन हे सार्वजनिक सेवा वाहन. कलम ६६ प्रमाणे त्याला परवाना हवा. परवान्याशिवाय वापरलं तर कलम १९२-अ खाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. कलम २०७ खाली गाडी अडकवून ठेवता येते. त्याच १९२-अ मध्ये आजारी किंवा जखमी माणसाला तातडीने न्यायची सूट आहे, सात दिवसांत प्राधिकरणाला कळवण्याच्या अटीवर. म्हणजे कायदा निर्दय नाही. पण दर मंगळवारी आणि शुक्रवारी ठरलेलं डायलिसिस तातडीचं म्हणायचं का? आणि बँकेत हयातीच्या दाखल्यासाठी जाणं? शाळेतला पालकमेळावा? आमच्या आयुष्यातल्या बहुतेक फेऱ्या मरणाच्या नसतात, जगण्याच्या असतात. त्यांच्यासाठी सूट नाही.

मग भाड्याने गाडी देण्याचा रीतसर मार्ग घ्या, असं कोणी सांगेल. तोही पाहिला. रेंट अ कॅब योजना, १९८९. त्यात परवाना मागणाऱ्याकडे किमान ५० टॅक्सी हव्यात. पन्नास! आमच्या पंचक्रोशीत रात्री दिवा लागणारी घरं पन्नास निघाली तरी पुष्कळ.

आणि केंद्राने नोव्हेंबर २०२० मध्ये ॲग्रीगेटरसाठी, म्हणजे ॲपवरून गाड्या पुरवणाऱ्या कंपन्यांसाठी, जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यांत खाजगी गाडीतून सहप्रवासाला जागा होती, शहरात दिवसाला चार फेऱ्या आणि शहराबाहेर आठवड्याला दोन. पुढे जानेवारी २०२३ मध्ये आपल्या राज्याने खाजगी वाहनांच्या अशा वापरावर बंदी घातली, नंतर ॲपवरच्या कारपूलिंगला वाट देण्याच्या हालचालीही झाल्या. या सगळ्यात एक गोष्ट गृहीत आहे : मध्ये एक कंपनी असणार, तिचं ॲप असणार, ती कमिशन घेणार, आणि प्रवासी व चालक एकमेकांना अनोळखी असणार. आमच्याकडे यातलं काहीच नाही. आषाढात वीज गेली की टॉवर जातो, आणि एरवीही काही घरांतल्या लोकांना रेंजसाठी सड्यावर चढावं लागतं. वही चालते. ॲपची अट घातलीत तर योजना कागदावर राहील, हे आत्ताच सांगून ठेवते.

आता विम्याचं. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण माणसं इथेच बुडतात.

खाजगी गाडीच्या पॉलिसीत एक मोठं मन आहे. वैध लायसन असलेला कोणीही, मालकाच्या संमतीने, गाडी चालवू शकतो. शेजारी चालवतोय म्हणून क्लेम नाकारता येत नाही. पण त्याच कागदावर खाली वापराच्या मर्यादा असतात, आणि त्यातली पहिली म्हणजे भाडं किंवा मोबदला घेऊन वापर चालणार नाही. आता सव्वाशे रुपये हा मोबदला की खर्चातला वाटा? अपघात होईपर्यंत हा प्रश्न कोणी विचारत नाही. अपघात झाल्यावर सर्व्हेअर पहिला हाच विचारतो. वही त्याच्या हातात पडली तर गाडीच्या नुकसानीचे पैसे गेलेच समजा. रस्त्यावरच्या जखमी माणसाला कोर्ट बहुधा उपाशी ठेवत नाही, विमा कंपनीला सांगतं आधी भर आणि मग मालकाकडून वसूल कर. मालक कोण? पडवीत बसलेले गुरुजी. म्हणजे वसुली पेन्शनवर नाहीतर आंब्याच्या कलमांच्या बागेवर.

चालवणाऱ्याचं तर याहून वाईट. मालक-चालकासाठी १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा सक्तीचा आहे, पण तो फक्त नोंदणीकृत मालकासाठी, तेही त्याच्याकडे चालू लायसन असेल तर. गुरुजींचं लायसन संपलेलं. त्यामुळे आमच्या गाडीत स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाला या विम्याचं छत्र उरतच नाही. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या निंगम्मा प्रकरणात म्हटलंय की दुसऱ्याची गाडी मागून चालवणारा हा मालकाच्याच जागी उभा राहतो, त्यामुळे त्याच्या मृत्यूनंतर वारसांना त्याच गाडीच्या विम्याकडे तेव्हाच्या कलम १६३-अ खाली भरपाई मागता येत नाही. त्या सुनेच्या सासूला हे मी समजावून सांगितलं तेव्हा तिने पुढच्याच आठवड्यात सुनेला चावी देऊ नका म्हणून निरोप धाडला. बरोबरच होतं तिचं. शेवटी आम्ही चालवणाऱ्या प्रत्येकाचा स्वतंत्र अपघात विमा काढला, त्याचे पैसे गाडीच्या वाट्यातून. आता चावी परत मिळते.

बारीकसारीक गोष्टी आम्ही आपसात निस्तरतो. बंपर घासला, क्लेम केला, तर पुढच्या वर्षी गुरुजींचा नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सवलत, जातो. पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत चढलेला असतो, ही लहान रक्कम नव्हे. म्हणून आमचा नियम असा की ज्याच्या हातून लागलं त्याने सक्तीच्या वजावटीचे १,००० रुपये आणि बोनसमधला फरक भरायचा. किरकोळ ओरखड्याला क्लेमच करायचा नाही. यासाठी आम्हाला सरकार नको. सरकार हवंय ते फक्त एका ओळीसाठी : खर्चाची वाटणी म्हणजे भाडं नव्हे.

ही ओळ इतर देशांनी लिहिलेली आहे. ब्रिटनच्या १९८८ च्याच रोड ट्रॅफिक ॲक्टमध्ये, म्हणजे आपला कायदा झाला त्याच वर्षी, कलम १५० आहे. आठपर्यंत प्रवासी बसतील एवढीच गाडी असेल, पैशाचं प्रवासाआधी ठरलेलं असेल, आणि जमा रक्कम त्या प्रवासाच्या खर्चापेक्षा, गाडीच्या झिजेसकट, जास्त नसेल, तर विम्याच्या दृष्टीने तो भाड्याचा वापर धरत नाहीत. कॅलिफोर्नियाने २०१० मध्ये खास लोकांनी आपल्या गाड्या वाटून वापराव्यात म्हणून कायदा केला. मालकाला वर्षभरात मिळालेले पैसे गाडी बाळगण्या-चालवण्याच्या वार्षिक खर्चाच्या आत असतील तर ती गाडी धंद्याची ठरत नाही, आणि गाडी दुसऱ्याच्या हाती असतानाच्या अपघाताचा भार मालकाच्या विम्यावर येत नाही, योजना चालवणाऱ्याने काढलेल्या विम्यावर येतो. ही दुसरी गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. गुरुजींसारखा माणूस गाडी देताना घाबरतो तो नेमका याला.

आपल्याकडे हे करायला नवा कायदाही नको. २०१९ च्या दुरुस्तीने कलम ६७ ला पोटकलम (३) जोडलंय. त्यात राज्य सरकारला अधिसूचना काढून प्रवासी वाहतुकीच्या योजना करता येतात, आणि त्या कशासाठी याची यादीच दिली आहे. ग्रामीण वाहतूक त्यात आहे, शेवटच्या टप्प्याची जोडणी आहे, आणि वाहतुकीच्या साधनांचा अधिक चांगला वापर हेही आहे. मांडवात उंदरांना आंदण दिलेल्या गाडीपेक्षा साधनाचा वाईट वापर कोणता?

योजना कशी असावी हे सांगण्याचा अधिकार मला नाही, पण टिपणी लिहायची सवय आहे. एका ग्रामपंचायतीच्या हद्दीतली दहा ते पंचवीस घरं. दहाचा आकडा मनाने काढलेला नाही, १९६० च्या सहकारी संस्था कायद्यातही वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान दहा जण लागतात. गाडी मालकाच्याच नावावर आणि पांढऱ्याच पाटीची राहू द्या. संस्थेच्या नावावर करायची म्हटली की नोंदणी, कर, वारस असे दहा प्रश्न उठतात आणि मालक गाडी द्यायचा विचारच सोडतो. सभासदांची, चालवणाऱ्यांची आणि त्यांच्या लायसनची यादी आरटीओकडे द्यायची, काचेवर एक स्टिकर, वर्षातून एकदा वही तपासायची. जमा रक्कम खर्चाच्या वर गेली तर नोंद रद्द करा, दंड करा, आमची ना नाही. यादीत नाव नसलेल्या माणसाला गाडीत घेऊन पैसे घेतले तर ते वडापच, मग १९२-अ लावा. चालवणाऱ्याला आणि प्रवाशांना अपघात विमा असल्याशिवाय नोंदच करू नका. विमा नियामकाकडे खात्याने एक पत्र लिहावं, की अशा नोंदलेल्या गाड्यांसाठी पॉलिसीवर जोडपत्र मिळू दे. किती किलोमीटर चालवली त्यावर हप्ता घेण्याची मुभा नियामकाने जुलै २०२२ मध्ये दिलेलीच आहे, तर किती जणांनी चालवली हे मोजणं विमा कंपन्यांना जड जाऊ नये.

रिक्षावाल्यांचा विरोध होईल. होणारच, आणि तो मी हलका लेखत नाही. आमच्या तिठ्यावरच्या मुलांनी कर्ज काढून रिक्षा घेतल्यात, परमिट, पासिंग, बॅज सगळं भरतात, आणि पर्यटनाच्या हंगामात पांढऱ्या पाटीच्या गाड्या त्यांच्या नाकावर टिच्चून पर्यटकांना फिरवतात. त्यांचा राग रास्त आहे. त्या गाड्या जरूर पकडा. आज त्यांच्यात आणि आमच्यात फरक करायला अधिकाऱ्याकडे साधन नाही, म्हणून एक तर दोघंही सुटतात नाहीतर दोघंही अडकतात. नोंद आणि स्टिकर आला की तो फरक दिसेल. आमच्यातल्याच दोघा रिक्षावाल्यांची घरं वाडीच्या गाडीत सभासद आहेत. त्यांचा हिशेब सरळ आहे. म्हाताऱ्या आईला कणकवलीला न्यायचं तर रिक्षातून तिची हाडं खिळखिळी होतात.

तरी काही फेऱ्या त्यांच्या कमी होतील. नाही होणार असं मी म्हणणार नाही. पण बहुतेक वेळा आमची माणसं रिक्षाऐवजी गाडीने जात नाहीत, जाण्याऐवजी घरी बसत होती ती आता जातात.

एक भीती मात्र लिहून ठेवते, आपण परिवहन खात्याचे म्हणून. उद्या वाडीची गाडी आहे म्हणून वस्तीची एसटी बंद करू नका. २०२३ पासून बायकांना एसटीत अर्ध्या तिकिटात प्रवास मिळतो, त्याआधीच्या वर्षी पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तो मोफत झाला, आणि त्यामुळे वाडीतल्या कितीतरी बायका पहिल्यांदा स्वतःच्या मनाने तालुक्याला जाऊन आल्या. त्या सवलतीची जागा माणशी सव्वाशेची गाडी घेऊ शकत नाही. एसटी पहिली. ती नसेल तेव्हा आणि तिथे ही गाडी.

आमच्याच गावच्या मुंबईकरांनाही जाता जाता एक शब्द. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी नवी गाडी घेतल्यावर जुनी गावच्या घरी आणून ठेवली आहे. गणपतीत आणि मे महिन्यात ती ढकलून सुरू करता, मेकॅनिकला शिव्या घालता आणि परत ताडपत्री ओढून जाता. नियम स्पष्ट झाला तर तुमच्यातले काही जण चावी गावात ठेवतील, अशी मला आशा आहे. आज ठेवू नका असं मीच सांगेन. जो धोका मी गुरुजींना रोज घ्यायला लावते, तो आणखी कुणाच्या गळ्यात घालायची माझी हिंमत नाही.

महोदय, आपल्या कार्यालयाने दोनपैकी एक करावं. सभासदांमधली खर्चवाटणी हा भाड्याचा वापर नाही असं परिपत्रक काढावं आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या काही गावांत वर्षभर करून पाहावं. नाहीतर हा परवान्याशिवायचा वापर आहे असं लेखी कळवावं, म्हणजे आम्ही गाडी गुरुजींच्या मांडवात परत लावू आणि आजींना स्पेशल रिक्षाचे पैसे कुठून आणायचे ते बघू. तोंडी "चालवा" नको.

वहीच्या सगळ्या पानांच्या झेरॉक्स या पत्राच्या मूळ प्रतीसोबत टपालाने पाठवल्या आहेत. मासळीच्या डागांबद्दल क्षमस्व. मूळ वही हवी असेल तर घेऊन येऊ, फक्त तारीख आठवडाभर आधी कळवा, कारण त्या दिवशी गाडी लागेल आणि तिची पाळी आधी लावावी लागते. पॉलिसीचं नूतनीकरण गणपतीच्या आधी आहे. त्यापूर्वी उत्तर आलं तर विमा कंपनीला काय सांगायचं ते ठरवता येईल.

कळावे,
आपली विश्वासू,
वाडीच्या गाडीची वही सांभाळणारी,
तालुका देवगड, जिल्हा सिंधुदुर्ग